मेणातला तुकडा

सिंदी (रेल्वे)
२४ ऑगस्ट २००५

बेटा मोहिनी,

फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशील. फोन दुकानात आहे. कैलास गल्ल्यावर बसलेला, समोर गिऱ्हाईक, आणि मी उभा राहून लघवीच्या गोष्टी सांगायच्या, हे मला जमत नाही. त्यात माझा डावा कान गेला. मी हळू बोलतो असं मला वाटते, पण मी ओरडत असतो. मागच्या आठवड्यात शेजारची मंदाबाई तेलाची बाटली घेऊन उभी होती. तिला सगळं समजलं, म्हणजे रुळाच्या पलीकडेही समजलं.

आषाढात लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही. मला वाटलं उष्णता आहे, म्हणून सब्जा खाल्ला. पुन्हा गेलं. मग कैलासनं वर्धेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्बीण टाकून पाहिलं, तर मूत्राशयात फुलकोबीसारखं उगवलेलं होतं. मूत्राशयाला ते लोक पिशवी म्हणतात. ते खरवडून काढलं. तपासणीत कॅन्सर निघाला, आणि तोही लवकर पसरणाऱ्या जातीचा. बिड्या किती ओढता, असं विचारलं. मी खरं सांगितलं.

डॉक्टर सांगत होते तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. त्याच्यावर बैलजोडी होती. मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. चिंता मात्र सारखी असते, पण ती दुसऱ्याच गोष्टींची. परतीची गाडी सापडेल का, नळ बंद केला का, कैलासनं पावती नीट ठेवली का. कॅन्सरची चिंता करायला बसलो की डोकं कोऱ्या पाटीसारखं होते.

जिनिंगमध्ये होतो तेव्हा कधी कधी कापसाच्या गठाणीच्या आत ठिणगी राहायची. बाहेरून गठाण पांढरीशुभ्र, आत धुमसत असायची, महिना महिना. तसं असेल, असं मी मनाशी समजून घेतलं.

आता खरी गोष्ट. पुन्हा उगवू नये म्हणून सहा बुधवार पिशवीत टीबीची लस सोडायची म्हणतात. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मले कॅन्सर आहे, वरून टीबी देता काऊन?" ते हसले. म्हणाले, "बाबा, जंतू कमजोर करून टाकतो." कमजोर जंतू म्हणजे काय? जंतू तो जंतूच.

माझी मोठी बहीण रुख्मा टीबीनं गेली, हे तुला माहीत आहे. तिला गोठ्याच्या खोलीत ठेवलं होतं. जर्मनचं ताट वेगळं, लोटा वेगळा. मी आठ वर्षांचा होतो. ताट उंबऱ्यावर ठेवून मागं यायचो. ती आतून म्हणायची, "गेला का रे?" मी दुरून म्हणायचो, "गेलो."

तू पुण्याला याच कॅन्सरचे तुकडे पाहतेस. तुझा बाप मधुकर होता तोपर्यंत, माझी पोरगी शास्त्रज्ञ आहे म्हणून गावभर सांगत फिरायचा. तर तू सांग, लस घेऊ की नको. सातव्या इयत्तेनंतर माझं शिक्षण झालं नाही, म्हणून सोपं लिही.

सूनबाई गुलाबचे दिवस भरत आले आहेत. बाकी ठीक.

मोठेबाबा


पुणे
३१ ऑगस्ट २००५

मोठेबाबा,

तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. मी उभ्यानंच वाचलं आणि परत कामाला लागले. संध्याकाळी खोलीवर येऊन पुन्हा वाचलं. मलाही लगेच काही वाटलं नाही. रोज हाच शब्द शंभर वेळा लिहिते, म्हणून असेल.

लस घ्या. नक्की घ्या.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही अंगात शिरलं की त्या धावून जातात. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच अंगातली असते. ती घरच्यासारखीच दिसते, म्हणून या पेशी तिच्याजवळून निघून जातात, तिला हात लावत नाहीत. लसीतला टीबीचा जंतू पिशवीच्या अस्तराला चिकटला की त्यांना जाग येते. त्या झुंडीनं तिथे येतात, आणि आल्यावर शेजारी लपलेला कॅन्सरही त्यांच्या नजरेला पडतो. एवढंच आहे. तुमच्या गठाणीत पाणी आतपर्यंत पोचवायची ही एक तऱ्हा समजा.

माझं काम याच्याच आसपासचं आहे. दवाखान्यांतून गाठीचे तुकडे मेणाच्या वडीत बसवून आमच्याकडे येतात. त्यांचे पातळ काप करून आम्ही रंगवतो, आणि पांढऱ्या पेशी गाठीच्या आत शिरल्या आहेत की कडेलाच उभ्या आहेत ते मोजतो. त्याच तुकड्यातली कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती निजलेली, तेही पाहतो. या खुणांवरून लस कोणाला लागू पडेल ते आधीच सांगता यावं, अशी आमची आशा आहे. आज सांगता येत नाही. कुठलाही दवाखाना यावर अजून निर्णय घेत नाही.

लघवीला जळजळ होईल. ताप येईल. ताप आला तर घाबरू नका, पेशी जाग्या झाल्याचं ते लक्षण आहे. एक-दोन दिवसांत उतरतो.

वहिनींना सांगा, बारशाला यायचा प्रयत्न करते.

मोहिनी


सिंदी (रेल्वे)
२८ सप्टेंबर २००५

बेटा मोहिनी,

तू आली नाहीस. कामाचं असेल. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला तू हवी होतीस. मंदाबाईनं सांगितलं. गुंजन ठेवलं आहे. आचलच्या पाठीवर ही दुसरी मुलगी. रंग गुलाबवर गेला आहे, असं म्हणतात. मी दुरून पाहिली.

लसीचे चार बुधवार झाले, आज चौथा होता. नळी घालतात तेव्हा मी छताकडे पाहतो. औषध आत दोन तास ठेवायचं, या कुशीवर त्या कुशीवर वळायचं. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण ती वाटली नाही. नर्स विचारते, "दुखते का बाबा?" मी म्हणतो, माहीत नाही.

घरी आल्यावर लघवी बसून करायची, आणि संडासात ब्लिचिंग पावडर टाकून थांबायचं, मग पाणी. दिवसभर तसंच. नर्सनं हे सांगितलं तेव्हाच मी समजलो. कमजोर जंतूला एवढी पावडर कशाला लागते? तू माझ्या भल्यासाठी सोपं करून लिहिलं असशील. मी रागावलो नाही.

तर मी माझी सोय केली आहे. दुकानामागं पोत्यांची खोली आहे, तिथं खाट टाकली. रुख्माचं ते जर्मनचं ताट माळ्यावर होतं, ते घासून घेतलं. आचलला खोलीत येऊ देत नाही. गुलाब ताट उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. घरात कोणाला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कैलास भीतीनं बाळाला घेऊन भाड्याच्या खोलीत गेला असता आणि दुकान बसलं असतं. शिवाय गावात एकदा टीबी हा शब्द गेला, की कोणी त्या दुकानातून साखर नेत नाही.

कैलासला यातलं काही कळत नाही. पावडरीचा वास आला की म्हणते, "बाबा, संडासात रंगपंचमी खेळून राह्यले का?"

बारशाला सगळे जमले होते. मंदाबाईनं नाव सांगितलं आणि गुलाब बाळ घेऊन माझ्याकडे आली, मांडीवर द्यायला. मी दाराबाहेर उभा होतो. मी दोन पावलं मागं सरकलो. म्हटलं, "नको, नको, तिकडं दे." ती तशीच उभी राहिली. सगळ्या बायका पाहत होत्या. मग तोंडावर पदर घेऊन ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि दोन्ही पोरींसकट तिला हिंगणघाटला घेऊन गेला. कैलास माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाला, "आचलच्या वेळी तं नाचले होते." त्याचा अर्थ मला नीट लागला नाही. ताट आता मंदाबाई आणून ठेवते.

बाळ दूर गेलं, हे एका परीनं बरंच झालं.

आता मुख्य काम. दवाखान्यात अर्ज करून मी माझी मेणाची वडी मागून घेतली. दुसरीकडे दाखवायची असली तर देतात. एवढीशी आहे, खडूच्या तुकड्याएवढी. आत तपकिरी डाग दिसतो, तोच मी. कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत घातली आहे. प्रभाकरराव गुरुजी लेकीकडे पुण्याला निघाले आहेत, त्यांच्याजवळ देतो. डबी उन्हात ठेवू नका, असं त्यांना चारदा सांगितलं. तर तू पाहा, पेशी आत शिरल्या आहेत की बाहेरच उभ्या आहेत.

गुरुजी डबी गाडीत विसरले तर काय, एवढीच चिंता आहे.

मोठेबाबा


पुणे
६ ऑक्टोबर २००५

मोठेबाबा,

डबी मिळाली. गुरुजींनी ती पाच दिवस लेकीच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली होती, म्हणजे तुम्ही बजावलेलं त्यांनी चांगलंच मनावर घेतलं.

पण मी ती तपासू शकत नाही. आमच्याकडे तुकडे येतात ते नंबर घालून, रोग्याची सही घेऊन, अभ्यासासाठी. नाव आम्हाला कळत नाही आणि कळूही नये. शिवाय एका माणसाच्या खुणा पाहून त्याचं पुढचं सांगण्याइतकं आम्हालाच अजून कळलेलं नाही. ती माझ्या टेबलाच्या कप्प्यात आहे. येताना परत आणीन.

दुसरं, आणि हे शांतपणे वाचा. तुम्हाला टीबी झालेला नाही. लस पिशवीत आहे, छातीत नाही. ती श्वासातून, ताटातून, हातातून कोणाला लागत नाही. ब्लिचिंग पावडर फक्त लघवीतून बाहेर पडणाऱ्या औषधासाठी आहे. ते ताट माळ्यावर टाकून द्या.

आणि कैलासदादाच्या बोलण्याचा अर्थ मला लागला, तुम्हाला कसा लागला नाही? घरी सगळ्यांना वाटतंय की दुसरीही मुलगी झाली म्हणून तुम्ही तोंड फिरवलं. वहिनी म्हणूनच गेल्या. आज, हे पत्र वाचून झाल्यावर, दादाला खरं काय ते सांगा. मी फोनवर सांगितलं असतं, पण हे तुमच्या तोंडून जायला हवं.

सहाही बुधवार पुरे करा. काही झालं तरी एकही चुकवू नका. मधे सोडू नका. एवढं माझं ऐका.

मोहिनी


सिंदी (रेल्वे)
१८ ऑक्टोबर २००५

बेटा मोहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

कैलासला सांगायला दुकानात गेलो होतो. दिवाळीचा माल उतरत होता, हमाल होते. त्यानं विचारलं, "काय पाह्यजे?" मी म्हटलं, काही नाही, काडेपेटी दे. त्यानं दिली. बिड्या सोडून दोन महिने झाले, तरी काडेपेटी घेऊन आलो.

पाचवा बुधवार दवाखान्यानं पुढं ढकलला, लसच आली नव्हती. मग मागच्या बुधवारी झाला. त्याच रात्रीपासून ताप आहे. संध्याकाळ झाली की हुडहुडी भरते, दात वाजतात, दोन गोधड्या घेऊन पडतो. सकाळी उतरतो, दिवस बुडला की पुन्हा येतो. आज सहावा दिवस. पण तू लिहिलं होतंस, ताप म्हणजे पेशी जाग्या झाल्या. तर मग चांगल्याच जाग्या झाल्या असतील. मी पडल्या पडल्या तेच म्हणतो, होऊ दे जाग्या.

भीती वाटत नाही. खोकला आला तर तेवढा तोंडावर फडका धरतो.

उद्या सहावा आणि शेवटचा. ताप सांगितला तर देणार नाहीत, असं दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा एक जण म्हणत होता. तू काही झालं तरी चुकवू नका म्हटलंस. म्हणून सकाळी तापाची गोळी खाऊन जाईन, म्हणजे अंग थंड लागेल. कोणाला बोलणार नाही.

मंदाबाई म्हणते, "भाऊजी, तुमचं तोंड पिवळं दिसून राह्यलं." मी म्हटलं, बल्बचा उजेड आहे.

मेणाच्या वडीचं तू म्हणालीस ते समजलं. नियम असेल तर नको पाहू. पण तुझ्या पत्रात एक मला लागलं नाही. बुधवार चुकवू नका, हे एरवी तू एवढं जोर देऊन लिहिलं नसतंस.

मोठेबाबा


वर्धा, दवाखाना
११ नोव्हेंबर २००५

बेटा मोहिनी,

आज पहिल्यांदा उशीला टेकून बसलो, म्हणून लिहितो. अक्षर वाकडं आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलीकडून कागद घेतला.

सहावा बुधवार मी गोळी खाऊन पुरा केला होता. माझं पत्र वाचून तुझा फोन आला तेव्हा कैलास साखर तोलत होता, असं त्यानं सांगितलं. तराजू तसाच टाकून तो मागं धावला. मी खाटेखाली पडलो होतो म्हणे. मला आठवते ते एवढंच, की जीपमध्ये माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो मला शिव्या देत होता. "टीबी होता तं सांगता येत नव्हतं का? मी का परका आहे?" रडत होता आणि शिव्या देत होता. लहानपणी मार खाताना रडायचा तसाच.

लसीचा जंतू रक्तात गेला होता. आता मला टीबीच्या गोळ्या चालू आहेत, खऱ्याखुऱ्या, सहा महिने. म्हणजे मी म्हणत होतो ते शेवटी झालंच. पण डॉक्टर शपथेवर सांगतात, हा दुसऱ्याला लागत नाही. आता माझा विश्वास बसला, कारण नर्स तोंडाला काही न बांधता माझ्या अंगावरून वाकून बाटली बदलते. पहिल्या गोळीनंतर लघवी लालभडक झाली. मी ओरडलो, पुन्हा रक्त आलं म्हणून. नर्स म्हणाली, "बाबा, गोळीचा रंग आहे." आख्खा वॉर्ड हसला. दिवाळी इथंच झाली. कोणीतरी बोळीत फुलबाज्या लावल्या होत्या. मी पाहिल्या.

मोठे डॉक्टर रागावले. विचारलं, "एवढा ताप अंगावर काढायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणी नाही साहेब, म्हातारपण आहे, ध्यानात राहिलं नाही. तुझं नाव मी कुठं घेतलं नाही आणि घेणारही नाही. कैलासलाही पत्रं दाखवली नाहीत. तू त्याचा विचार करू नकोस.

आता पुढचं. लस पुन्हा देता येत नाही, ते दार बंद झालं. काल दुर्बिणीतून पाहिलं तर एका जागी पुन्हा लाल दिसते आहे. डॉक्टर म्हणतात, ताकद आली की पिशवी काढून टाकू. आतड्याच्या तुकड्यातून पोटाला भोक करून लघवी बाहेर आणतात, तिथं थैली चिकटवायची. नाही काढली तर पसरेल, पण कधी ते सांगता येत नाही. ऑपरेशन मोठं आहे, माझं वय पाहता टेबलावरही काही होऊ शकते. "विचार करून सांगा," म्हणाले.

विचार कसा करतात ते मला आठवत नाही. मी छताकडे पाहतो.

म्हणून एकच विचारतो. तू वडी पाहिलीस का? पाहिली असशील, असं मला वाटते. चार आण्याची वस्तू घरात आणली तर तू उलटून पाहायचीस, घड्याळ खोलून ठेवलं होतंस. माझा तुकडा कप्प्यात ठेवून तू दुसऱ्यांचे मोजत बसशील, हे मला पटत नाही. पेशी आत गेल्या होत्या का? गेल्या असतील तर मी पिशवी ठेवतो आणि देव ठेवील तसा राहतो. नसतील तर काढतो. दुसरं काही मला समजत नाही.

मोठेबाबा


पुणे
२० नोव्हेंबर २००५

मोठेबाबा,

हो. पाहिली.

डबी हातात आली त्याच दिवशी काप करून रंगवले. 'पाहू शकत नाही' असं लिहिलं तेव्हा ते काचेवर माझ्यासमोर होते.

पेशी आत गेलेल्या नाहीत. गाठीच्या भोवती दाट गर्दी आहे, एकमेकींना खेटून उभ्या आहेत, आणि कडेवरच थांबल्या आहेत. आत तुरळक. ज्या जनुकांवर आमचा संशय आहे त्यांतली दोन जोरात जागी आहेत. असं चित्र दिसलं की आम्ही वहीत एक खूण करतो. त्या खुणेचे बरेच रोगी पुढं बरे राहिलेले नाहीत. पण काही राहिले आहेत. आमच्या नोंदींत एक जण आहे, तो नऊ वर्षं शेती करतो आहे, त्याचं चित्र तुमच्याहून वाईट होतं. म्हणून म्हणते, हे चित्र म्हणजे तुमचं भविष्य नाही.

पण ते पाहिल्यावर मी घाबरले आणि तुम्हाला लिहिलं, काही झालं तरी बुधवार चुकवू नका. ताप दोन दिवसांच्या वर राहिला तर डॉक्टरांना लगेच सांगा, हे वाक्य लिहायचं राहून गेलं. मला ते माहीत होतं. रोग्यांना द्यायच्या छापील कागदावर ते मीच लिहिलेलं आहे.

तुम्ही डॉक्टरांना माझं नाव सांगितलं नाही. मी त्यांना परवा फोन करून सांगितलं. त्यांनी तारखांसकट लिहून घेतलं. मग म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळी इथे असाल ना?" इथे मी आमच्या प्रमुखांनाही वडीबद्दल सांगितलं आहे. काय व्हायचं ते होईल.

पिशवी काढा, मोठेबाबा. ते चित्र पाहिलं म्हणून नाही. गाठ लवकर पसरणाऱ्या जातीची आहे, लस बंद झाली आणि लाल डाग परत आला, एवढ्यावर डॉक्टर जे सांगत आहेत तेच मीही सांगितलं असतं. निर्णय मात्र तुमचा. तुम्ही ठेवतो म्हणालात तरी मी येईन.

महिना झाला, मी कामाला जाते, काप पाहते, मोजते. आकडे बरोबर येतात. काही वाटत नाही. तुम्ही लिहायचात ते कसं असतं, ते आता कळलं.

मोहिनी


सिंदी (रेल्वे)
४ जानेवारी २००६

बेटा मोहिनी,

उत्तराला उशीर झाला. आधी ताकद नव्हती, मग सांगण्यासारखं काही नव्हतं.

तुझं पत्र वाचून मला समजलं. पाणी वरच राहिलं, आत गेलं नाही. अशी गठाण आम्ही मैदानात ओढून नेऊन फोडत होतो, दुसरा इलाज नव्हता. मी डॉक्टरांना हो म्हटलं. सोमवारी भरती व्हायचं आहे, मंगळवारी ऑपरेशन. तुझं जे राहून गेलं ते राहून गेलं. मीही पुष्कळ राहू दिलं आहे. त्याच्यावर आता लिहू नकोस.

कैलास गुलाबला आणायला हिंगणघाटला दोनदा जाऊन आला. ती आली नाही. म्हणाली, ज्यानं तोंड फिरवलं त्याले येऊ द्या. मग काल मीच गेलो. कैलास म्हणाला, "बाबा, एसटीत हाडं खिळखिळी होतील." मी म्हटलं, मंगळवारी तसंही सगळं उघडणारच आहेत.

तिच्या माहेरी पोचलो आणि सवयीनं उंबऱ्यावर बसलो. गुलाब आतून आली. म्हणाली, "मामाजी, आत या."

"मी इथंच बरा."

"अजून टीबी आहे का?"

"लागत नाई म्हणते डॉक्टर."

"मंग भिकाऱ्यावानी दारात काऊन बसले?"

तिची आई आतून दटावत होती, गुलाब, असं बोलू नाई. गुलाब ऐकत नव्हती. "दुसरीबी पोरगीच झाली म्हणून मागं सरकले, असं सारा गाव म्हणून राह्यला होता. मी अडीच-तीन महिने तुम्हाले रोज शिव्या घातल्या, मामाजी. सकाळी उठून पयले तुम्हाले, मंग चहा."

मी म्हटलं, "अजून घाल. सोमवारपर्यंत वेळ आहे."

ती हसली नाही. मग आत गेली आणि गुंजनला घेऊन आली, आणि मला काही विचारायच्या आत तिला माझ्या मांडीवर ठेवलं. माझे हात दोन्हीकडे तसेच वर राहिले. गुलाब म्हणाली, "धरा न, पडंल ते." तेव्हा धरलं. आचल बाजूला उभी राहून मला शिकवत होती, मान अशी धरा, आजोबा.

पोरगी जड आहे. डोळे मधुकरसारखे आहेत, हे कोणी मला सांगितलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहत बसलो आणि तिनं धार सोडली. धोतर भिजलं, मांडी भिजली. गुलाब फडका घेऊन धावली. मी म्हटलं, राहू दे. कोमट होतं. किती महिन्यांत अंगाला काही लागलं असं मला वाटलं नव्हतं, ते तेव्हा वाटलं. गुलाबनं दोनदा हात पुढं केला, मी पोरगी दिली नाही.

नर्सनं मला समजावून सांगितलं आहे की ऑपरेशननंतर लघवी आपोआप थैलीत येत राहील, कधी आली ते मला कळणार नाही. मला त्याचीच धास्ती होती, मरणाची एवढी नव्हती. गुंजनलाही काही कळलं नाही. ती तशीच माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

सगळे घरी आलो आहोत. माझी खाट आत घेतली. जर्मनच्या ताटात मंदाबाईनं तुळशीखाली चिमण्यांना पाणी ठेवलं आहे.

रविवारी संध्याकाळपर्यंत येजो. बाळाच्या कानात नाव तू पुन्हा सांग.

मोठेबाबा